गळ, शेगडी आणि पूलवाले

"अहो, मासा नाही तो! तुम्हीच थरथरताय!"

असं ओरडायला नको होतं मी. गळ टाकून बसलेल्या अनोळखी माणसावर कोणी ओरडतं का? पण दोरा जरा हलला की तो काठी उपसायचा, आणि गळ दरवेळी रिकामा! मला राहवलंच नाही.

नदीकाठी बाबांचं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. गळ, दोरे, काठ्या, आणि हिवाळ्यात दारातच पेटलेली शेगडी. दुकान बाबांचं, जीभ मात्र माझी, असं आई म्हणते.

तो वळला. नाक लालबुंद, कानटोपी भुवयांपर्यंत. "मग मासा ओळखायचा कसा?"

"आधी स्वतःला ऊब द्यायची. मोजे किती घातलेत?"

"तीन जोड."

"बुटात बोटं हलतात?"

त्याने हलवून पाहिली असावीत. चेहरा पडला. "...नाही."

"मग गारठणारच! एक जोड काढा. बोटांना जागा हवी, ऊब तिथेच राहते."

तो नव्या पुलाच्या कामावर आलेला इंजिनिअर. मी त्याला पूलवाले म्हणू लागले, तो मला मास्तरीणबाई. रविवार आला की धक्क्यावर आमची शाळा भरायची. थंडीत मासा सुस्त असतो, आमिष हिसकावत नाही, नुसता हुंगतो. म्हणून एक हातमोजा काढायचा आणि दोरा उघड्या बोटावर धरायचा... त्याचं बोट धरून दाखवलं मी. खरं सांगायचं तर जरा जास्तच वेळ दाखवलं.

"हाताचा बर्फ झालाय," एकदा तो म्हणाला.

"मग घाला माझ्या खिशात." बोलून गेले, आणि कानापर्यंत तापले.

त्याने संकोचत हात घातला... आणि किंचाळून बाहेर काढला. "हे काय वळवळतंय?"

"गांडुळं! गारठली की मरगळतात, म्हणून डबी उबेत ठेवते. झाकण निघालं वाटतं."

"म्हणजे तुमच्या खिशात आधी गांडुळांचा नंबर?"

"दुसरा खिसा रिकामा आहे," मी पाण्याकडे बघत म्हणाले.

तो हात मग बराच वेळ तिथेच होता. माशांचं काय? कोणाला आठवतंय!

बाबा शेगडीजवळून सगळं बघत असायचे. "तुझं गिऱ्हाईक एक मासा नेत नाही," ते म्हणाले, "पण येतं कसं नेमानं!" मी निखारे सारखे करत बसले.

मग पूल झाला. सगळं गाव खूश, माझ्या मात्र तो डोळ्यांत खुपायला लागला. काम संपलं की माणूसही जाणार. आणि एरवी पोपटासारखी बोलणारी मी, दोन शब्द ओठांवर आणू शकत नव्हते... जाऊ नका.

शेवटच्या रविवारी पाण्यावर धुकं होतं. चहाची वाफ नाकावर घेत तो म्हणाला, "याच नदीवर, वरच्या अंगाला आणखी एक पूल बांधायचाय. मला विचारलंय. मी अजून—"

तेवढ्यात माझ्या बोटावरचा दोरा ताणला गेला. काठीची कमान झाली. अख्ख्या हिवाळ्यात एवढा मोठा मासा कोणाला लागला नव्हता.

"ओढ, पोरी! ओढ!" बाबा धावतच आले.

"थांबा हो बाबा!" काठी घट्ट धरून मी त्याच्याकडे वळले. "तुम्ही अजून... काय?"

"अहो, मासा—"

"मासा राहू दे! वाक्य पुरं करा."

"मी अजून होकार दिलेला नाही. नुसत्या पुलासाठी राहावंसं वाटत नाही. तुम्ही... राहा म्हणालात तर—"

"राहा," मी म्हणाले. "पूल असो नसो, राहा. मला तुम्ही आवडता. फार आवडता."

दोरा तटकन तुटला. मी मागे धडपडले, आणि त्याने मला दोन्ही हातांनी सावरलं.

"गेला ना!" बाबांनी कपाळावर हात मारला. "एवढा मासा हातचा घालवलास!" मग आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि जरा घुटमळले.

"या, शेगडीजवळ या दोघं. आणि इंजिनिअरसाहेब, तो मासा तुमच्या नावावर उधार. तेवढा मासा धरून देईपर्यंत गाव सोडायचं नाही."

पूलवाल्यांना आजवर एकही मासा लागला नव्हता. हे बाबांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.