लँगडनसाहेब उठून जातात

बुधवारी सकाळी इडा लिफ्शिट्झ लँगडन थिएटरात गेली ती निव्वळ पियानो बघायला. न्यू हेवनची हवा दमट, त्यात जानेवारीचा गारठा. सोमवारी, पहिल्याच प्रयोगात, पियानोचे मधले सूर उतरले होते. मंगळवारी प्रयोग नव्हता. दुपारचा प्रयोग सुरू व्हायच्या आत ते नीट करून घ्यायला हवे होते. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. ओव्हरकोट अंगात तसाच ठेवून ती रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात उतरली, पियानोवरचा छोटा दिवा लावला आणि एकेक पट्टी दाबून पाहू लागली.

दुसरं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. संगीतिका न्यूयॉर्कला नेण्याआधी या गावात लावायची, लोक कुठे हसतात, कुठे खोकतात ते पाहायचं, रोज काही कापायचं, रोज काही जोडायचं, अशी तेव्हा रीतच होती. इडाची ही पहिली संगीतिका. शब्द तिचे, चालीही तिच्या, आणि पियानोवरही तीच. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका शिंप्याची ही मुलगी. बायकांनी नाचावं, गावं; चाली बांधायचं काम पुरुषांचं, असं त्या धंद्यात सगळे धरून चालत. इथवर पोचायला तिला किती जणांशी भांडावं लागलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

विंगेतून कोरिन आली. नाटकाची नायिका, ओहायोकडची उंच, लालसर केसांची मुलगी. गळ्याला मफलर गुंडाळलेला.

"जमेल का ग आज?" इडानं विचारलं.

"सकाळपासून हॉटेलवर चार वेळा म्हटलं. एकदाही अडखळले नाही. इथेच काय होतं कोण जाणे."

गाणं दुसऱ्या अंकातलं. नवऱ्याचं घर सोडून निघालेली नेल उंबरठ्यावर उभी राहून ते गाते: 'दार मी उघडंच ठेवलंय; तुझ्यासाठी नाही, वाऱ्यासाठी.' ती रडत नाही. माफी मागत नाही. गाणं म्हणते आणि चालू लागते. सोमवारी याच गाण्याच्या शेवटच्या ओळीला कोरिनचा गळा असा दाटला की सूर फुटेचना. आणि त्याच क्षणी डावीकडच्या वरच्या बॉक्समधून, भिंतीतल्या खाजगी सज्ज्यातून, एक उंच माणूस उठून, हॅट घालून निघून जाताना सगळ्यांनी पाहिला होता.

"चल, घेऊया," इडा म्हणाली.

कोरिन रिकाम्या प्रेक्षागृहाकडे तोंड करून गाऊ लागली. अंधारात खुर्च्यांच्या रांगा नुसत्या जाणवत होत्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत आवाज मधासारखा वाहत होता. मग वर कुठेतरी खुर्ची करकरली. सिगारचा वास आला, आणि त्याखाली दुसराच एक. ओली लोकर पेटीत कोंडून ठेवावी तसा. इडानं मान वर केली. डाव्या बॉक्समध्ये कुणीतरी सावकाश उभं राहत होतं. चेहरा दिसत नव्हता. दोन हात वर गेले, हॅट डोक्यावर बसली... आणि कोरिनचा आवाज कात्रीनं कापल्यासारखा तुटला.

"कोण आहे तिकडे?" इडा ओरडली. "तालमीत बसायची परवानगी कुणी दिली तुम्हाला?"

वर जाऊन पाहायला ती धावतच जिना चढली. बॉक्सचं दार बाहेरून फळ्या ठोकून बंद केलेलं होतं. फळ्यांवर कित्येक वर्षांची धूळ होती, आणि दाराच्या फटीतून सिगारचा वास येत होता.

ती खाली आली तेव्हा दिग्दर्शक व्हर्नन स्टोडार्ड रंगमंचावर उभा होता. कोरिन पाणी पीत होती.

"पुन्हा तेच ना?" व्हर्नन म्हणाला. "इडा, मी काल रात्रभर विचार केला. गाणं काढूया."

"का?"

"चालत नाहीये, म्हणून! लोक उठून जातायत. अगं, बाईनं घर सोडलं, ठीक आहे. निदान शेवटी दोन टिपं तरी गाळू दे. 'चुकलं माझं' एवढं म्हणू दे. टाळ्या पडतील."

"तिचं काही चुकलेलं नाही."

"तुझा हा हट्ट आपल्या सगळ्यांना बुडवणार आहे."

"बुडू दे. पोहत न्यूयॉर्कला जाईन."

व्हर्नन हसला नाही. "आज दुपारी शेवटची संधी. आज पडलं तर गाणं बाद. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

इडा आणि कोरिन जेवायला समोरच्या खाणावळीत गेल्यावर त्यांच्या टेबलाशी मॉड ट्रेनर येऊन बसली. सत्तरी गाठलेली ही नटी नाटकात नेलच्या आजीचं काम करायची. शिंपल्यांच्या गरम सूपमध्ये बिस्किटं चुरत ती हळूच म्हणाली, "दिसला ना तुम्हाला?"

कोरिननं खुर्ची जवळ ओढली.

"ऑगस्टस लँगडन. थिएटर त्याचं. जाऊन वीस वर्षं झाली असतील. जिवंत होता तेव्हाही तिथेच बसायचा. एखादं गाणं पसंत पडलं नाही की उठायचा, हॅट घालायचा. दुसऱ्या दिवशी गाणं नाटकातून गेलेलं असायचं. आणि त्याला न आवडणारी गाणी कोणती, माहीत आहे? बाई ज्यात वाकत नाही, ती. तेवढीच."

"तुमचंही...?" कोरिननं विचारलं.

"माझंही. वीस-बावीसची असेन. काय चाल होती, पोरी! घशात आली की अंगावर काटा यायचा. आता आठवत नाही. एक सूरसुद्धा आठवत नाही..." मॉडनं चमचा खाली ठेवला. "माझं एक वेळ जाऊ दे. विनिफ्रेड बेल म्हणून माझी मैत्रीण होती. तिचं गाणं काढलं त्यानं. त्यानंतर ती कधी गायलीच नाही. गुणगुणलीसुद्धा नाही. तशीच गेली बिचारी."

"आणि मेल्यावरही तो..."

"त्यानं उठून जावं आणि ते गाणं न्यूयॉर्कला पोचावं, असं अजून झालेलं नाही."

कोरिनचा चेहरा पांढरा पडला. "इडा, काढून टाकूया का? दुसरं लिही. तू लिहिशील..."

इडानं तिच्याकडे पाहिलं. भीती तिलाही वाटत होती. पाठीतून गार पाणी ओघळावं तशी. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी उकळायला लागलं होतं.

"जिवंत माणसांनी मला नाही म्हटलं, ते ऐकलं नाही मी," ती म्हणाली. "मेलेल्याचं ऐकू?"

दुपारी प्रेक्षागृह भरलं. बर्फ वाढलं होतं, तरी बायका टोप्या झटकत, ओले कोट सांभाळत आल्या होत्या. पहिला अंक छान गेला. मॉडच्या एका टोमण्याला तर हशा थांबेना. पण दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला आणि इडाच्या ध्यानात आलं की खड्ड्यात गार पडत चाललं आहे. शेजारचा व्हायोलिनवाला बोटांवर फुंकर घालत होता.

नेल उंबरठ्यावर आली. इडानं पहिले सूर दिले.

पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. वर खुर्ची करकरली. इडानं वर पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. तो उभा होता. हॅट घातली. मात्र आज तो मागे वळला नाही. बॉक्सच्या कठड्याशी आला, खाली वाकला, आणि सरळ तिच्याकडे पाहत राहिला. जिथे डोळे असायला हवेत, तिथे अंधार जरा जास्तच दाट होता.

त्याच वेळी दिवे गेले.

सगळेच. रंगमंचावरचे, खड्ड्यातले, दारांवरचे लाल दिवेसुद्धा. प्रेक्षकांतून एक दबका चीत्कार आला. वाद्यं एकामागून एक थांबली. पियानो तेवढा चालू राहिला. कोरिनचा आवाज एकदा हेलकावला आणि बुडाला.

मधल्या वाटेनं कुणीतरी खाली येत होतं. पावलं जड, बेफिकीर, मालकाची. सिगारचा वास जवळ आला. ओल्या लोकरीचा वास नाकातोंडात शिरला. पावलं खड्ड्याच्या काठाशी थांबली... आणि मग खड्ड्याच्या आतच, तिच्या पाठीमागे, कुणीतरी उभं राहिलं. मानेवर श्वास नव्हता. नुसता गारवा होता.

पियानोचं झाकण हळूहळू तिच्या बोटांवर उतरू लागलं.

तिनं हात ओढून घेतले असते तर बोटं वाचली असती. गाणं गेलं असतं. झाकणाची कड बोटांच्या सांध्यांवर टेकली, दाबली गेली, हाडांपर्यंत कळ गेली. इडाच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ती वाजवत राहिली. सूर चुकले, अडखळले, पुन्हा उभे राहिले. मग दात आवळून, मान न वळवता, ती मोठ्यानं म्हणाली,

"बसा खाली! गाणं संपलेलं नाही!"

दाब आणखी वाढला.

"ऐकू येत नाही का? नसेल ऐकायचं तर चालते व्हा. पण गाणं संपणार आहे. माझ्या पद्धतीनं संपणार आहे!"

आणि तेव्हा डाव्या विंगेतून बायकांचे आवाज आले.

आधी एकच, बारीक, खूप दिवस न वापरलेल्या बिजागरीसारखा खरखरीत. मग दुसरा. मग कितीतरी. 'दार मी उघडंच ठेवलंय...' मागे गाणाऱ्या कोरसच्या पोरी धावून आल्या, इडाच्या मनात आलं, आणि तिचा ऊर भरून आला. त्या आवाजांनी उचलून धरावा तसा कोरिनचा आवाज वर आला. शेवटची ओळ तिनं अशी घेतली की छतापर्यंत अंधार थरारला. झाकण एकदम हलकं झालं. पाठीमागचा गारवा मागे मागे सरकत गेला, जणू कुणीतरी त्याला ओढून नेत होतं.

इडानं शेवटचे सूर वाजवले आणि हात उचलले. तरी गाणं थांबलं नाही. विंगेतले आवाज आणखी एक कडवं गाऊ लागले:

'वारा आलाय, उठा ग बायांनो,
जोडे शोधत बसू नका,
अनवाणीच चला.'

हे कडवं इडानं लिहिलं नव्हतं.

दिवे आले तेव्हा प्रेक्षक उभे होते. बायका टोप्या हवेत हलवून ओरडत होत्या. इडाची बोटं सांध्यांवर काळीनिळी पडली होती. शेजारचा व्हायोलिनवाला म्हणाला, "झाकण कसं पडलं तुझ्यावर?" तिनं पुढच्या गाण्याचा कागद उलटला.

प्रयोग संपल्यावर ती धावत विंगेत गेली. "पोरींनो, जीव वाचवलात ग माझा!"

कोरसच्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "आम्ही तर तळघरात होतो. कपडे बदलताना दिवे गेले. अंधारात जिना सापडेना. ओरडत होतो, पण कुणाला ऐकूच जाईना..."

कोपऱ्यात खुर्चीवर मॉड बसली होती. आजीचा पांढरा टोप मांडीवर, गालांवरचा रंग ओघळलेला.

"पहिला आवाज विनिफ्रेडचा होता," ती म्हणाली. "खालच्या सुरावर जायचं झालं की ती अशीच थोडी घसरायची. मी तिला कितीदा चिडवलंय त्यावरून..."

व्हर्नन घाईघाईनं आला. "इडा! ते शेवटचं कडवं कधी लिहिलंस? मला सांगायचं तरी!"

इडानं मॉडकडे पाहिलं. "ते कडवं नाटकात राहणार," ती म्हणाली. "आणि गाणंही."

"राहील, बाई, राहील," व्हर्नन म्हणाला. "वेड लागलंय का मला ते काढायला?"

गाणं न्यूयॉर्कला पोचलं. वसंत सरेपर्यंत तिथल्या फेरीवाल्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळे ते शिटीवर वाजवायला लागले. तिथलं थिएटर नवंकोरं होतं, न्यू हेवनपासून दूर, आणि ऑगस्टस लँगडननं तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं. कोरिन कधी अडखळली नाही. बॉक्समध्ये टोप्या आणि फरकोट घातलेली जिवंत माणसं बसायची. इडाची बोटं बरी झाली. थंडीत दुखायची तेवढीच. दुसऱ्या संगीतिकांची कामं तिच्याकडे आता चालत येऊ लागली होती.

मे महिन्यातली दुपार. प्रयोग नुकताच संपला होता, लोक बाहेरच्या उन्हात पांगत होते. इडा खड्ड्यात कागद आवरत होती. कोरिन वरून वाकली. चेहऱ्यावरचा रंग अर्धा पुसलेला.

"इडा... जरा वर ये."

"काय झालं?"

"विंगेत ये. आवाज करू नकोस."

दोघी डाव्या विंगेत, जाड पडद्याच्या घडीशी उभ्या राहिल्या. रंगमंच रिकामा होता. झाडूवालासुद्धा आलेला नव्हता. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग पडद्यामागच्या काळोखातून बायकांची कुजबुज आली, तालमीच्या वेळी असते तशी, जरा खट्याळ. कुणीतरी घसा साफ केला. कुणीतरी सूर दिला.

त्या सुरावर एक आवाज गाऊ लागला. पुरुषाचा. जाड, म्हातारा, अनिच्छेनं निघणारा. त्याच्यासोबत सिगारचा आणि ओल्या लोकरीचा वास आला.

'दार मी... उघडंच... ठेवलंय...'

कोरिननं इडाचा हात घट्ट धरला. इडानं कान दिला, आणि कुठल्याही संगीतकारानं केलं असतं तेच केलं: सूर तपासला. 'वाऱ्यासाठी'वर तो खाली घसरत होता.

"चुकतोय," ती पुटपुटली.

पडद्यामागे सगळं एकदम शांत झालं. मग एका बाईचा, जराही घाई नसलेला आवाज आला...

"पुन्हा. पहिल्यापासून."

आणि तो पुन्हा, पहिल्यापासून, गाऊ लागला.