भसीनसाहेबांचा अ‍ॅम्प

सोहम, खाली तुझ्या खोलीत घूं घूं काय चाललंय? जिना चढताना ऐकलं मी. गिटारचा नवा अ‍ॅम्प? नवा कसला, ती पेटी वयाने माझ्या बरोबरीची असेल. व्हॉल्व्हचा आहे ना, आत काचेचे दिवे असलेला? तापायला ठेवलास, बरं केलंस. आणि वाजवतंय कोण? कोणीच नाही. तू इथे गच्चीवर माझ्या शेंगा खात बसलायस आणि तो खाली एकटाच चालू आहे.

जा, बंद करून ये. नको? बरं, राहू दे. आधी ऐक, मग तुझं तू ठरव. कौमुदी, तू हसू नकोस, तुझीही खोली त्याच भिंतीला लागून आहे.

तुम्हाला वाटेल म्हातारा घाबरवतोय. अरे, मी फौजेत अख्खी नोकरी वायरलेस सेट उघडण्यात आणि मिटण्यात काढली. पेटी का बोलते, का खरखरते, हे मला पाठ आहे. गिटारच्या लांब वायरीत रात्री रेडिओचं स्टेशन शिरतं आणि कोणी बाई बातम्या वाचायला लागते, तेही मी पाहिलंय. त्याला कोणी भूत म्हणालं तर मीच पहिला हसतो. तेव्हा आता जे सांगतो त्यात जिथे मला कारण सापडलं, तिथे कारण सांगेन. जिथे मी गप्प बसेन, तिथे तुम्ही समजून घ्या.

समोरचं ते निळ्या फाटकाचं घर दिसतंय? तिथे वरच्या मजल्यावर राघव राहायचा. सोलापूरचा पोरगा, तुमच्यासारखाच इकडे येऊन सीतापुऱ्याच्या कंपन्यांत कॉम्प्युटर बडवायचा. बायको आसावरी, आणि वडील पंढरीनाथ. आई आधीच गेलेली. हे पंढरीनाथ म्हणजे एकेकाळी सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्राचे गिटारवाले. पांढरी पँट, रुंद कॉलर, मागे चमचमता पडदा. फोटो पाहिलाय मी. माणूस पक्का डावखुरा. सगळे डाव्या हाताने तारा दाबतात आणि उजव्याने छेडतात, यांचं बरोबर उलट. उजव्याने दाबायचे, डाव्याने छेडायचे. गिटारच्या ताराही उलट्या चढवलेल्या. त्यामुळे झालं काय, घरात गिटार असून राघवला ती कधी वाजवता आली नाही. हात लावला की सगळं उलटंच यायचं.

पुढे कीबोर्ड आले. एकटा माणूस अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवायला लागला. पंढरीनाथांनी अ‍ॅम्प विकला आणि गिटार खुंटीला टांगली. पण माझ्याकडे चहाला आले की विषय फिरून तिथेच. "सुभेदार, आताचे अ‍ॅम्प बटण दाबलं की बोलतात हो. आमचा आधी तापायचा. आतले दिवे हळूहळू लाल व्हायचे, गरम धुळीचा वास सुटायचा, मग तो एकदा खाकरायचा. हळू वाजवलं तर सायीसारखा मऊ. जोरात वाजवलं तर फाटायचा, पण असा फाटायचा की नाचणारे थांबून ऐकायचे." मला त्यातलं तंत्र ठाऊक होतं. व्हॉल्व्हवर ताण आला की आवाज तसा चिरतोच. पण हे सांगताना त्यांचे डोळे भरायचे, त्याचं तंत्र मला ठाऊक नव्हतं. मला तो माणूस फार आवडायचा.

मग एका उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणंही गेलं. खिडकीशी पलंग टाकला आणि तिथे ते दिवसभर छताकडे बघत पडून राहायचे. राघव ऑफिसातून आला की तो डावा हात मांडीवर घेऊन चोळत बसायचा. तासन्‌तास. मला म्हणाला, "काका, त्यांना एकदा तो आवाज ऐकवायचाय. मतलब, एकदाच. मला वाटतं त्याने काहीतरी हलेल."

दिवाळीच्या आधी त्याला आदर्श नगरात तसा अ‍ॅम्प असल्याचं कळलं. रविवारी सकाळी आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर गेलो. जुनं घर, दारात तुळस, आणि एक वयस्कर बाई, भसीन आंटी. त्यांचा नवरा तरुणपणी हॉटेलातल्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. पेटी लाकडी, वर तपकिरी कापड, पुढची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली. बाईंनी ती ओढणीने पुसली. पुसतच राहिल्या. मग राघवला म्हणाल्या, "बेटा, एक बात. जब तक चालू रहे, कोई बजाने वाला सामने बैठा रहे. इसे चालू करके खाली मत छोड़ना."

रिकामा चालू ठेवणार नाही, राघव म्हणाला. त्याला वाटलं मशीनच्या काळजीपोटी म्हणतायत. मलाही तसंच वाटलं. मालकाच्या सवयी असतात.

घरी आणून मी तो उघडला. दोन कंडेन्सर बदलले, पिना गंजल्या होत्या त्या साफ केल्या, नवी वायर लावली. व्हॉल्व्ह जुनेच ठेवले, ते ठणठणीत होते. पलंगाशेजारी ठेवून बटण दाबलं. आतला लाल उजेड जाळीतून भिंतीवर पडला. गरम धुळीचा वास आला. पंढरीनाथांनी मान वळवली.

राघवने गिटार त्यांच्या अंगावर आडवी ठेवली. चांगल्या उजव्या हाताने तारा दाबून त्यांनी कॉर्ड धरली. छेडणारा हात नव्हता. मग आसावरी पुढे झाली आणि सासऱ्यांसाठी तिने तारांवरून अंगठा फिरवला. अरे, काय सांगू तुम्हाला. ती खोली त्या आवाजाने भरली. सून छेडतेय, सासरा दाबतोय, दोघांचं मिळून एक गाणं अर्धंमुर्धं वाजलं. पंढरीनाथ रडले, राघव रडला, मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं.

पण त्या रात्री पंढरीनाथांना गाढ झोप लागली, अ‍ॅम्पच्या गुणगुणीवर. बंद केला की डोळे उघडायचे. म्हणून राघव तो चालूच ठेवायला लागला. आधी झोप लागेपर्यंत, मग रात्रभर. कुठेतरी वाचलं होतं म्हणे, जुना अ‍ॅम्प तापत ठेवला की आणखी गोड होतो. गिटार खुंटीला, वायर जमिनीवर, आणि अ‍ॅम्प चालू.

रिकामा.

आता संक्रांतीची रात्र. चौदा जानेवारी, शनिवार. तुम्ही इथली संक्रांत पाहिलीय, दिवसभर गच्च्यांवर पतंग आणि भोंगे, अंधार पडला की फटाके आणि आकाशात सोडलेले कागदी कंदील. साडेआठच्या सुमारास मी तिळगूळ द्यायला समोर गेलो. राघवने दार उघडलं तोच हसत. इतका खुश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"काका, बाबांचा हात हलतोय. डावा! आठवडा झाला. आधी नुसती बोटं फडफडायची, आता बघा, कॉर्ड धरतात. डॉक्टरही म्हणाले, सुधारणा आहे."

मी आत गेलो. आसावरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसत नव्हती.

पंढरीनाथ पलंगावर. डावा हात पांघरुणाबाहेर. आणि खरंच, बोटं चालत होती. एक बोट वाकायचं, मग दोन, मग तिन्ही सरकून पुढच्या जागी. थबकायची. परत. सराईत हात. आंधळेपणाने वळवळणारा हात नव्हे तो.

आणि उजव्या हाताने पंढरीनाथांनी आपलंच डावं मनगट धरलं होतं. घट्ट. नखं पांढरी पडली होती.

"व्यायाम करतात," राघव म्हणाला.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. तो व्यायाम नव्हता.

मग माझं लक्ष वायरीकडे गेलं. आता हे नीट ऐका. अ‍ॅम्पला वायर लावली आणि दुसरं टोक मोकळं जमिनीवर पडलं, तर अ‍ॅम्प बोंबलतो. भणभणतो. कान किटतात. दुसऱ्या टोकाला गिटार जोडली की तो शांत होतो. गिटार खुंटीला होती. टोक जमिनीवर मोकळं पडलं होतं.

अ‍ॅम्प शांत होता.

मी वाकून आवाजाचं बटण पाहिलं. पूर्ण चढवलेलं होतं. कारण शोधलं. वायर तुटली असेल म्हणून टोकाला बोट लावलं, तर अ‍ॅम्प ओरडायला हवा होता. ओरडला नाही. बोटाला... जाऊ दे. टोक गरम होतं, एवढंच सांगतो.

"राघव," मी म्हणालो, "तुझे बाबा तारा कोणत्या हाताने दाबायचे?"

"डाव्..." तो थांबला.

खुंटीवरच्या गिटारकडे बघितलं त्याने. उलट्या तारांकडे. मग वडिलांच्या हाताकडे. बाहेर फटाके वाजत होते.

आसावरी हळूच म्हणाली, "मी तीन दिवस हेच सांगतेय."

त्याने भसीन आंटींना फोन लावला. स्पीकरवर. हाताचं सांगितलं. मग, "खाली छोड़ा था ना?" "बेटा, फैक्ट्री में मशीन ने उनके बाएँ हाथ की चारों उँगलियाँ ले ली थीं. विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरिया में, बजाने से पेट कहाँ भरता था. उसके बाद रोज़ शाम इसे चालू करते और सामने बैठे रहते. कहते थे, कमला, बस एक हाथ मिल जाए..."

फोन तिकडून बंद झाला.

आणि तेव्हा अ‍ॅम्प वाजला.

हळू. सायीसारखा मऊ. पंढरीनाथांची बोटं जिथे वाकली, तिथेच सूर वाकला. बोटं सरकली, तारेवर बोट घासल्याचा आवाज आला. तारा नव्हत्या तिथे. काहीच नव्हतं तिथे. पण सुंदर वाजत होतं, रे. तेच सगळ्यात वाईट.

"बंद कर," मी म्हणालो.

राघव बटणाजवळ गेला. उभा राहिला.

"काका, हात तर हलतोय..."

"तो त्यांचा नाही."

"पण हलतोय ना. बंद केला तर परत..." सात-आठ महिने तो हात मांडीवर घेऊन बसला होता बिचारा. माझ्याच्यानेही त्याला ढकलवलं नाही.

सूर मोठा झाला. फाटायला लागला. जाळीतला उजेड वाढला. आणि डावा हात... खांद्यापासून उठला. पलंगावरून. राघवकडे.

पंढरीनाथांनी उजव्या हाताने मनगट सोडलं.

मुलाकडे एकदा पाहिलं. मग तोच उजवा हात पलंगाखाली घातला. चाचपडला. प्लगची वायर सापडली. ओढली.

उजेड मावळत गेला. आतल्या कंडेन्सरमध्ये वीज क्षणभर शिल्लक असते, त्यावर अ‍ॅम्प चार श्वास वाजू शकतो. हे कारण आहे, देतो तुम्हाला. त्यानंतर वाजायला नको. त्यानंतरही वाजलं. तो तुकडा संपेपर्यंत वाजलं. शेवटचा सूर सगळा विरला, मग डावा हात पांघरुणावर पडला. पडला तो लाकडासारखा.

राघव त्या हातावर डोकं ठेवून रडला. पंढरीनाथ उजव्या हाताने त्याचे केस कुरवाळत होते. त्यांना सगळं कळलं होतं. आपला हात परत मिळतोय असं मुलाला वाटतंय, हेही कळत होतं, आणि तरी त्यांनी वायर ओढली. बाप होता तो.

भसीन आंटींनी अ‍ॅम्प परत घ्यायला नकार दिला. मीच तो उघडला. वायर कापली, स्पीकर काढला, व्हॉल्व्ह एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले. ते माझ्या कपाटात आहेत, हवे तर दाखवतो. त्या पेटीतून आता कोणाच्या बापालाही आवाज काढता येणार नाही.

बसा, बसा. कौमुदी, तो जिन्याचा दिवा लाव. सोहम, तू कुठे निघालास? बंद करायला? जा. वायरसुद्धा काढून ठेव.

राघव सगळ्यांना घेऊन सोलापूरला गेला त्याला आता दोन वर्षं होतील. आसावरी अधूनमधून फोन करते. पंढरीनाथ बरे आहेत, खातातपितात, बोलणं नाही, डावा हात तसाच लुळा. गिटार वाजवणाऱ्याच्या बोटांना घट्टे पडतात, माहितीय ना? तारा दाबून दाबून. वाजवणं सोडलं की दोन-तीन महिन्यांत कातडी परत मऊ होते. पंढरीनाथांच्या उजव्या हाताचे घट्टे कधीच गेले.

मागच्या आठवड्यात तिने फोन केला. सासऱ्यांची नखं कापत होती म्हणाली. डाव्या हाताच्या चारही बोटांची टोकं टणक आहेत. प्रत्येकावर तारेची खोल रेघ. संध्याकाळी मालीश करून ती रेघ घालवते.

सकाळी पुन्हा ताजी असते.