उतरवा, उतरा नव्हे

शंतनूच्या विमानात जो आवाज होता, तो माझा. माझा भाग आधीच सांगून टाकते. आता शेवटपर्यंत मध्ये कोणी बोलू नका.

ते विमान उडणारे नव्हते. इथेच, भूममध्ये, शेजारच्या शामलाताईंच्या गच्चीवर पत्र्याच्या छपराखाली त्यांच्या शंतनूने ते बांधले होते. प्लायवूडचा सांगाडा, तीन पडदे, बटणांची पाटी आणि परांड्याच्या भंगारातून आणलेली, मोडीत निघालेल्या एसटीच्या चालकाची खुर्ची. पडद्यावर आकाश दिसे, धावपट्टी दिसे. वैमानिक प्रशिक्षणासाठी त्याची निवड झाली होती. चैत्रात निघायचे होते. तोवर सराव हवा म्हणून हा खटाटोप.

सूचना मराठीत असाव्यात आणि त्या मीच, त्याच्या बाईंनी, द्याव्यात, हा त्याचा हट्ट. शाळेत तो माझा मराठीचा विद्यार्थी. उंची पाहा, वेग कमी करा, चाके सोडा, असे सगळे मी त्याच्या मोबाइलमध्ये बोलून दिले. शेवटच्या सूचनेवर आमचे अडले. त्याला ‘उतरा’ हवे होते. मी नकार दिला. विमान उतरते, वैमानिक ते उतरवतो. म्हणून ‘उतरवा’. ‘उतरा’ हे कंडक्टरने प्रवाशाला म्हणायचे.

“बाई, विमान कोसळेस्तोवर व्याकरणच ऐकत बसू का?” तो हसत म्हणाला.

“कोसळायचेच असेल, तर शुद्ध भाषेत कोसळ,” मी म्हणाले.

ती पौष वद्य नवमीची रात्र. शंतनू खुर्चीत होता. त्याचा मित्र संघपाल मागे स्टुलावर बसून संगणक सांभाळत होता. विमान ढगांत होते, धावपट्टी अजून दूर होती. पुढचे मला संघपालने सांगितले, आणि तो मुलगा खोटे बोलत नाही.

आवाज आला. माझाच.

“उतरा.”

हा शब्द यात नाहीच, असे संघपाल म्हणाला. शंतनूने बटणांवरून हात काढले...

“उतरा.”

“हो, बाई.”

तो उठला. वर्गात उठत असे तसा, ताठ. माझ्या विद्यार्थ्यांना तिसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

त्याने डावीकडचे दार उघडले. बाहेर हातभर गच्ची. कठडा बांधायचा राहिलेला...

संघपालने हाक मारली.

मग... खालून काहीच ऐकू आले नाही.

कमरेखाली आता हालचाल होणार नाही, असे सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले. प्रशिक्षणाची जागा दुसऱ्याला गेली. शुद्धीवर आल्यावर शंतनूने मला एकच प्रश्न विचारला.

“बाई, मी बरोबर उतरलो ना?”

मी त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

परवा आम्ही त्याच्या खाटेभोवती बसलो. संघपालने सगळे तपासले होते. संगणकात ‘उतरा’ कुठेच नव्हते. तरीही माझा आवाज त्यातून कायमचा पुसून टाकायचा, असे ठरले. शामलाताईंनी होकार दिला. शंतनूने मान हलवली. संघपालच्या मांडीवर स्पीकर होता, तार उपटलेला. त्याने माझ्याकडे पाहिले.

मी तोंड उघडण्याआधीच, त्या स्पीकरमधून, माझ्या आवाजात उत्तर आले.

“मान्य.”