कप हलवायचा असतो

वेलदोड्याची कॉफी, बिनदुधाची.

समोरच्याला तळपाय दाखवू नयेत.

हर्णे बंदरातला संध्याकाळचा लिलाव.

बिनकानाचा इवलासा कप — मस्कतमध्ये त्याला फिंजान म्हणतात.

दारात उमेर, भिजलेल्या चपला हातात.

अब्बा एकवीस वर्षं मस्कतला राहून परतले. ओमानला निघालेली मोहल्ल्यातली पोरं तिथल्या रीतीभाती शिकायला त्यांच्याकडे येतात. उमेर आला तेव्हा अब्बा लिलावात मासळी आणायला गेले होते, म्हणून पहिला धडा मी दिला. कप उजव्या हातात धरायचा. यजमान ओतत राहतो. पुरे झालं की कप दोन-तीनदा हलवायचा. तोंडाने नको म्हणायचं नाही.

त्याने रिकामा कप पुढे केला. हलवला नाही. मी ओतली. पुन्हा तेच.

"हलव ना..."

"हलवला तर तू आत जाशील."

"शिकायला आलास की चावटपणा करायला?"

"शिकवणारीवर आहे गो ते."

मग रोज तेच. पाय दुमडून बसणं, सलाम झाल्यावर आधी घरच्यांची खुशाली विचारणं, सगळं तो चार दिवसांत शिकला. ही एकच चूक त्याने सोडली नाही. अब्बा वैतागत, हा तिकडे मालकाच्या घरी फजिती करून घेणार म्हणत. मी मान खाली घालून ओतत राही. व्हिसा आला की अब्बांकडे मला मागणार, असं त्याने एकदा हळूच सांगितलं होतं.

व्हिसा आला. मस्कतच्या मामाने पाठवला होता. मामाला लग्नाची मुलगी होती, हुदा. उमेरची आई पेढे घेऊन आली आणि दोन्ही बातम्या एकदमच सांगून गेली.

निघायच्या आदल्या दिवशी तो आला. अब्बा समोर बसले होते. मी कॉफी ओतली. त्याने सावकाश संपवली, कप पुढे केला. मी किटली तिरकी केली —

त्याने कप हलवला. एकदा... दोनदा.

"शिकलास एकदाचा," अब्बा खुशीत म्हणाले.

मी किटली घेऊन आत गेले.

उमेरला कॉफी आवडत नाही. त्याची बहीण खुर्शीद हे मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती.