मापाला एक माणूस

दिवा जरा इकडे सरकवा. हां, तिथंच राहू द्या.

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. शाळाही अर्ध्यात सुटली. पण फोटोत काय कमी आहे ते मला दिसतं. एवढं मी खात्रीनं सांगतो.

त्या शनिवारी दुपारी मी चीजचे गरम पाव घेऊन कारखान्याचा जिना चढलो. आमचं मोंगुई गाव हातानं फुटबॉल शिवतं, मीही तेच करतो. वरच्या माडीवर, चामड्याच्या आणि गोंदाच्या वासात, आमचं फोटो मंडळ भरायचं. औषधांचं दुकान चालवून थकलेल्या ओतिलियाबाई, बेकरीवाला कुस्तोदियो, डोंगरावर गाई असलेला आर्सेनियो, आणि मी.

नियम ओतिलियाबाईंचा. फोटो लाकडी स्टँडवर लावायचा. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत फोटो काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. आधी एक चांगलं सांगायचं, मग काय सुधारता येईल ते.

त्या दिवशी आर्सेनियोचा फोटो होता. गावाच्या वरचा पारामो, म्हणजे उंचावरचं थंड, ओलं माळरान, धुक्यात बुडालेला. फ्रायलेहोनच्या झाडांच्या रांगा, माणसाएवढ्या उंच, वाळक्या पानांची घोंगडी पांघरून उभ्या.

"धुकं छान पकडलंय," मी म्हणालो. "पण ही झाडं केवढी ते कळत नाही. जागा मोकळी वाटते. मापाला एक माणूस हवा."

"हा एदिल्सन दिवसातून एकदा बोलतो," कुस्तोदियो गुळाच्या पाण्यात चीज बुडवत म्हणाला, "पण मुद्द्याचं."

सल्ला बरोबर होता. आजही मी तोच देईन.

पुढच्या वेळी आर्सेनियोनं तीच जागा पुन्हा आणली. या खेपेला रांगांच्या पार मागे एक माणूस होता. लोकरीचा जाड रुआना पांघरलेला, टोपी घातलेला, पाठमोरा.

मला बरं वाटलं. "माणूस बरोबर जागी उभा केलाय," मी म्हणालो. "पण फार लांब आहे. जवळ येऊ दे. आणि तोंड आपल्याकडे हवं."

बाकीच्यांचंही झालं. मग आर्सेनियोला बोलायची मुभा मिळाली. तो टोपी हातात फिरवत राहिला.

"मी कोणाला उभा केला नाही. वर मी एकटाच होतो."

"मग गाईनं रुआना घातला असेल," कुस्तोदियो म्हणाला. आम्ही हसलो. आर्सेनियो हसला नाही.

तिसऱ्या वेळी त्यानं फोटो लावला आणि स्टँडपासून लांब जाऊन बसला.

माणूस जवळ आला होता. अगदी पुढच्या रांगेत. तोंड आमच्याकडे. पण टोपीखाली चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं होतं, पाठीमागं होतं तसंच, जणू तिथून आरपार दिसत होतं. माडीवर ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. खिडक्या तर बंद होत्या.

ओतिलियाबाईंनीच नियम मोडला, आधी चांगलं काही सांगितलं नाही. "आर्सेनियो... वर जाऊ नका."

"गाई वर आहेत, बाई. पहाटे धार कोण काढणार?" त्याचा आवाज खाली गेला. "परवा बादली भरत होतो. मागं कोणीतरी उभं होतं. गाईनं पान्हा चोरला... कॅमेऱ्यातून पाहिलं तर हा. डोळ्यांनी पाहिलं तर कोणी नाही. हातभर अंतरावर, बाई." मग तो माझ्याकडे वळला. "तू आता काही सांगू नकोस, बाबा. तो ऐकतो."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माणूस हवा म्हटलं, आला. जवळ ये म्हटलं, आला. तो ऐकत होता. आणि ऐकणाऱ्याला काय सांगायचं ते मला येतं.

मी उठलो. फोटो कुठं कापावा ते दाखवायला आम्ही काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन ठेवतो, ते घेतले. नियमाप्रमाणे आधी चांगलं सांगितलं.

"तुम्ही उभे फार छान राहता. घाई नाही, हालचाल नाही. असा माणूस मिळत नाही." मग काय सुधारायचं ते सांगितलं. "पण हा फोटो तुमच्याशिवाय पुरा आहे. तुम्ही इथं नको. डाव्या बाजूनं चौकटीबाहेर निघा."

आणि डावीकडून पुठ्ठा सरकवत त्याला झाकून टाकला.

मी पुठ्ठा उचलला... धुकं होतं. रांगा होत्या. बाकी काही नाही.

आर्सेनियो दोन्ही हातांत तोंड धरून रडला. दुसऱ्या दिवशी तो वर गेला, धार काढली, गाईनं दूध दिलं. तो फोटो डिसेंबरच्या प्रदर्शनात लागला. लोक त्याच्यापुढं थांबायचे. मला मनापासून अभिमान वाटला.

एकच गोष्ट. स्टँडच्या डाव्या बाजूला आमची एक जादा खुर्ची असते. त्या शनिवारपासून तिची बैठक ओली असते. कुस्तोदियोनं छप्पर तपासलं, गळत नाही. सशाच्या कानासारखं मऊ, राखाडी फ्रायलेहोनचं पान एकदा तिच्यावर सापडलं. तिथं कोणी बसत नाही. आम्ही त्यावर बोलतही नाही.

गेल्या शनिवारी मी पहिल्यांदा माझा स्वतःचा फोटो लावला. वरचं तळं, पहाटेचं, सगळं स्तब्ध. नियमाप्रमाणे गप्प उभा राहिलो.

ओतिलियाबाईंना पाण्यातला उजेड आवडला. कुस्तोदियो म्हणाला, आकाश थोडं कमी कर. आर्सेनियो म्हणाला, "मला तिथली थंडी आठवली."

सगळ्यांचं झालं. मी तोंड उघडणार, तोच डाव्या खुर्चीतून, सावकाश, अगदी आमच्या पद्धतीनं, कोणीतरी म्हणालं,

"उजेड छान पकडलाय... पण जागा मोकळी वाटते. मापाला एक माणूस हवा."

तो आवाज माझ्याकडे वळल्यासारखा वाटला. बाकीचे तिघं खाली बघत राहिले.

फोटो माझा होता, म्हणजे सगळ्यांचं बोलून होईपर्यंत मला तोंड उघडायचं नव्हतं. आणि त्याचं बोलून झालंय की नाही, ते मला कळेना.