चाचणीपुरते मृत

परळच्या त्या सरकारी कचेरीत सुरुची कोठारेंच्या सहीवाचून संगणकाची साधी वायरही विकत घेतली जात नसे. यंदा रुग्णांच्या नोंदींतल्या चुका शोधणारं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. निविदा तीन आल्या. खऱ्या रुग्णांची माहिती कंपन्यांच्या हाती द्यायची नाही असा नियम, म्हणून बाईंनी घरी बसून दोनशे खोटे रुग्ण रचले आणि त्यांत मुद्दाम चाळीस चुका पेरल्या.

मृत रुग्णांच्या दहा नोंदींपाशी मात्र त्या अडल्या. जित्याजागत्या माणसाच्या नावापुढे 'मृत' लिहायला हात धजेना. मग त्यांनी आपल्याच घरातली, केव्हाच गेलेली दहा माणसं घातली. त्यांचं आता काय बिघडणार होतं?

पहिल्या कंपनीला एकतीस चुका सापडल्या, दुसरीला चौतीस. तिसरीच्या हितेंद्रने लॅपटॉप उघडला. इंटरनेट बंद आहे ना, हे बाईंनी स्वतः दोनदा बघितलं. चुका निघाल्या एक्केचाळीस.

"एक जास्तीची दाखवतंय," बाई म्हणाल्या.

"चेक करा ना मॅडम. सहसा चुकत नाही ते."

जास्तीची चूक मालनआत्याच्या नोंदीत होती. मृत्यूची तारीख तेरा नव्हे, चौदा ऑगस्ट. फणसवाडीतल्या घरी जाऊन बाईंनी कपाटातून आत्याच्या मृत्यूचा दाखला काढला. चौदाच होती.

हे कंपनीला सांगितलं कोणी? हाताखालचा अभिषेक राणे त्यांच्याच वाडीतला. आत्याला खांदा द्यायला तो होता, आणि चाचणीची फाइल पेनड्राइव्हवर उतरवली तीही त्यानेच. बाईंच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळू लागला, तो रात्रभर थांबला नाही.

"अभिषेक, खरं सांग. फाइल कोणाला दाखवलीस?"

"आईशप्पथ मॅडम, मी उघडलीपण नाय. नोकरी जाईल माझी!"

बाईंचा विश्वास बसला नाही. तक्रारीचा कागद त्यांनी टाइप केला, फक्त सही राहिली. पण पुराव्याशिवाय पोराच्या पोटावर पाय द्यायलाही मन घेईना.

दुपारी हितेंद्रला पुन्हा बोलावलं. अभिषेकला बाहेर बसवलं. आत्याची नोंद पुसून बाईंनी तिथे नवी केली आणि मृत्यूची तारीख टाकली उद्याची. असली ढोबळ चूक कुठलंही सॉफ्टवेअर पकडेल. पण आतून फुटलेल्या चुकाच त्याला पढवलेल्या असतील, तर ही नवी चूक बघून ते मुकाट बसेल. नाव मात्र दुसऱ्या कोणाचं लिहवेना. म्हणून स्वतःचंच लिहिलं.

चूक लगेच सापडली. बाईंना हायसं वाटलं. पोरगा खरं बोलत होता. तक्रारीचा कागद फाडून त्यांनी टोपलीत टाकला.

मग चुकीपुढची दुरुस्ती वाचली.

'मृत्यूची तारीख: उद्याची नव्हे, आजची.'

हितेंद्र फोनमध्ये गुंग होता. बाईंना भीती वाटली, लहानपणी वाटायची तशी.

"अभिषेक, आत ये रे."

"काय झालं मॅडम?"

"काही नाही. नुसता बस इथे."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

पडद्यावर तारखेच्या शेजारी मृत्यूच्या वेळेचा रकाना होता. तो त्यांनी रिकामाच सोडला होता.

आता त्यात तास भरलेला होता. दुपारचे चार. मिनिटं अजून रिकामी होती.