टेबलाखालची तिसरी जागा

चष्मा विसरला म्हणून ती, वर्गाची शिक्षिका, मधल्या सुट्टीत परत आली, तर तिच्याच टेबलाखालून दोन भलेमोठे बूट बाहेर डोकावत होते.

"कोण आहे तिथे?"

"शू... हळू. आत्ताच शांत झालीये."

वाकून बघते तर काय! तिच्या वर्गातली गुंडी नावाची चिमुरडी कानांवर हात दाबून कोपऱ्यात, आणि बेताचं अंतर राखून, गुडघे हनुवटीला टेकवून बसलेला एक लांबच लांब माणूस.

"मी नवा विशेष शिक्षक," तो कुजबुजला. "ओळख करून द्यायची ही जागा नव्हे, पण... बसता का?"

"मी? टेबलाखाली?"

"तिसरीला जागा आहे."

डोळे काय हसरे होते मेल्याचे! ती चष्मा उचलून तरातरा निघाली. तो डोळ्यांवर लावायचं मात्र राहिलं, आणि बाई धाडकन दारावर आपटल्या.

गुंडी स्वमग्न होती. चित्रं अशी काढायची की बघत राहावं. पण घंटा वाजली की किंचाळून टेबलाखाली. बाईंनी चांदण्यांची युक्ती काढली होती. खुर्चीत बसली की कागदाची चांदणी मिळायची, पळाली की परत घ्यायची. गुंडी पळतच होती आणि तिच्याजवळच्या चांदण्या संपत चालल्या होत्या.

शिक्षकांच्या खोलीत तर जितकी तोंडं तितकी मतं. "लाडावलीये," गणिताच्या बाई म्हणाल्या. "चार दिवस लक्षच देऊ नका, सुतासारखी सरळ येईल," खेळाचे सर म्हणाले.

"घंटा तिच्या कानात दुखते हो," नवे सर म्हणाले. "दुखण्याला शिस्त कशी लावणार?"

"म्हणजे माझ्या चांदण्या चुकीच्या?" बाईंच्या नाकावर राग आलाच.

"छान आहेत की! फक्त एकदा दिलेली परत घेऊ नका. कमावलेलं कोणी काढून घेतलं तर तुम्हीसुद्धा टेबलाखाली जाल."

राग आला खरा, पण पटलंही. आणि वेळ तरी कुठे होता? शुक्रवारी मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, वर्गात येऊन बसणार होत्या. जमलं तर ठीक, नाहीतर गुंडीला दुसरी शाळा. "चौथी शाळा होईल हो ही तिची," एवढंच म्हणून तिच्या आईने मान फिरवली होती.

मग दोघं कामाला लागले. घंटेआधी गुंडीला घंटेचं चित्र दाखवायचं, कानांवर जाड हेडफोन द्यायचा. शिवाय एक 'आधी-मग' पाटी. आधीच्या चौकटीत घंटा, मगच्या चौकटीत रंगपेटी. हळूहळू किंकाळी थांबली. गुंडी टेबलाखाली जायची, पण लगेच बाहेर यायची.

"तुम्ही कधी चिडत नाही का हो?" बाईंनी एकदा विचारलं.

"चिडतो ना. हातात चष्मा असून दारावर आपटणाऱ्या लोकांवर."

"पाहिलंत तुम्ही?"

"टेबलाखालून सगळं दिसतं, बाई."

गुरुवारी संध्याकाळी बाईंना आनंदाच्या भरात दुर्बुद्धी सुचली. गुंडीला गंमत म्हणून त्यांनी स्वतःचं ते जुनं टेबल व्हरांड्यात काढलं आणि कोपऱ्यात मऊ गाद्या घातल्या, रंगीत पडदा लावला. अहो, जिला ठरलेलं ठरल्या जागी लागतं, तिला गंमत?

शुक्रवारी गुंडी आत आली, टेबल दिसेना, आणि तिने अशी किंकाळी फोडली की मागे बसलेल्या मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. बाईंचं तोंड एवढंसं झालं. सर धावत आले. व्हरांड्यातल्या टेबलाचं एक टोक त्यांनी धरलं. दुसरं बाईंनी धरलं. टेबल जागेवर आलं, तशी गुंडी आत.

घंटेची वेळ झाली होती. बाईंनी पाटी घेतली, मोठ्या बाईंकडे बघितलंही नाही, आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी टेबलाखाली शिरल्या.

"चुकलं गं माझं," त्या हळूच म्हणाल्या. "तुला न विचारता हलवलं. बघ, आधी घंटा... मग रंग."

गुंडीने पाटी पाहिली. हेडफोन चढवला. बाईंनी स्वतःचे कान झाकले. घंटा वाजली... आणि थांबली. गुंडीने खिशातून चांदणी काढली आणि थुंकी लावून बाईंच्या कपाळावर चिकटवली.

"छान बसलात," ती थेट बाईंच्याच सुरात म्हणाली, आणि बाहेर येऊन रंगपेटी उघडून बसली.

सगळा वर्ग खो-खो हसला. मोठ्या बाईसुद्धा. "टेबल तिथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि गुंडीही."

शाळा सुटताना गुंडीच्या आईने बाईंचे दोन्ही हात धरले. दोघींचेही डोळे वाहत होते.

रिकाम्या वर्गात बाई सरांना म्हणाल्या, "तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही नसता तर मी त्या पोरीला गमावून बसले असते."

"टेबलाखाली शिरलात तुम्ही. एवढ्या लोकांपुढे लहान मुलीची माफी मागणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. आभार तर मी..." सरांचे कान लालबुंद. त्यांनी 'आधी-मग' पाटी पुढे केली. आधीच्या चौकटीत चहाचा कप होता आणि मगची चौकट कोरी.

"मग काय, ते नाही लावलंत?"

"न विचारता काही हलवू नये... आजच शिकलोय."

तिने कपाळावरची चांदणी अलगद काढली आणि कोऱ्या चौकटीत दाबून बसवली.

"लक्षात आहे ना, सर? दिलेली चांदणी परत घेत नाहीत."

ती हसत बाहेर पडली. सर तिच्याकडेच बघत मागोमाग निघाले, आणि या वेळी दारावर धाडकन आपटले ते सर.